एकही चिठ्ठी बाजूला पडू नये



पुण्यातल्या या परिषदेची निमंत्रणपत्रिका छापायला गेली तेव्हा 'लैंगिक आरोग्य' याऐवजी नुसते 'आरोग्य' म्हणू या का, असे काही हितचिंतकांनी सुचवले. आम्ही शब्द बदलला नाही. जो शब्द उच्चारायला आपणच कचरतो, त्याविषयी मुले आपल्याला कशाला विचारतील?

याच शहरात १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. अडलेल्या विधवेला तिथे गुपचूप येऊन सुखरूप बाळंत होता येई. पुढे र. धों. कर्व्यांनी १९२७ ते १९५३ 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. तेव्हा उत्तर देणे गुन्हा ठरले होते. आज आपल्याला कोणी अडवत नाही, तरी आपण गप्प आहोत, याचे मला फार वाईट वाटते.

विद्यार्थी आरोग्य केंद्रात काम करताना मी दाराशी एक कुलूपबंद पेटी ठेवली होती. प्रश्न लिहा, नाव नको. पाळी चुकली आहे, कोणाकडे जाऊ? एचआयव्हीची तपासणी केली तर घरी कळेल का? एका मुलाने लिहिले होते, 'ती काहीच बोलली नाही, म्हणजे होकारच ना?' ती चिठ्ठी अजून माझ्या मनातून जात नाही. भीतीनेही माणूस गप्प होतो, कालचा होकार आजही असेलच असे नाही, विचारावे लागते आणि 'नको' म्हटले की थांबावे लागते, हे त्याला वीस वर्षांत कोणीच सांगितले नव्हते. घरी नाही, वर्गात नाही. त्याने निदान विचारले.

एचआयव्हीची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते. २०१७ च्या कायद्याने ती संमतीशिवाय करता येत नाही आणि निकाल गुप्त ठेवावा लागतो. गर्भपाताच्या कायद्यात विवाहित-अविवाहित असा भेद चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. तरीही 'लग्न झालंय का?' हा प्रश्न दवाखान्यात दरडावून विचारला जातो आणि मुलगी पाठ फिरवून भलत्याच माणसाकडे जाते.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी प्रत्येक संस्थेत अंतर्गत तक्रार समिती हवी, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचे असेल तर तीत निवडून आलेले विद्यार्थीही हवेत. कागदोपत्री समित्या आहेत. पण मुलीने तक्रार करताच पहिला फोन तिच्याच घरी जातो, वडील येतात, सामान बांधले जाते, तिचे शिक्षण संपते. ज्याने त्रास दिला तो दुसऱ्या दिवशी वर्गात बसलेला असतो. हे मी पाहिले आहे. रेक्टर मंडळींना माझी हात जोडून विनंती आहे, तिला विचारल्याशिवाय तो फोन लावू नका.

सभागृहाच्या दाराशी आज तशीच पेटी ठेवली आहे. दुपारच्या सत्रात डॉक्टर आणि वकील तिच्यातली प्रत्येक चिठ्ठी वाचून उत्तर देणार आहेत. मुलांनो, जेवणाच्या सुट्टीपर्यंत पेटी भरून टाका.