धुतलेले हात
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



हळदीकुंकू आणि गाणी यांच्यामध्ये भाषण ठेवले म्हणजे ते लवकर आटपावे अशी सर्वांची मनोमन इच्छा असते, हे मी ओळखून आहे. विषय मात्र जरा वेगळा घेतला आहे. नाटकात किंवा कादंबरीत एखादे पात्र पुन्हा पुन्हा हात धुताना दिसले, की आपण लगेच म्हणतो, 'याच्या मनात पाप आहे.' ही खूण कुठून आली, आणि ती पुस्तकातून उचलून आपल्या आळीत आणली तर काय होते, एवढेच मला सांगायचे आहे.

ही खूण जगभर गाजवली शेक्सपिअरने, चारशे वर्षांपूर्वीच्या 'मॅकबेथ' नाटकात. आपल्याकडे शिवराम महादेव परांजपे यांनी त्यावरून 'मानाजीराव' लिहिले. पुढे वि. वा. शिरवाडकरांनी 'राजमुकुट' लिहिले आणि १९५४ मध्ये त्यातली राणी दुर्गाबाई खोटे यांनी उभी केली. गोष्ट अशी : राजा पाहुणा म्हणून सरदाराच्या घरी उतरतो. सरदाराची बायको नवऱ्याला चिथावते आणि रात्री राजाचा खून होतो. नवरा हादरतो, समुद्राच्या पाण्यानेही हे हात निघणार नाहीत असे त्याला वाटते. बाई मात्र धीट. तांब्याभर पाणी घेतले की झाले, असा तिचा हिशेब.

पण शेवटच्या अंकात तीच बाई झोपेत चालत येते. जवळ दिवा असतो, पाणी नसतेच. ती कोरडेच हात चोळत राहते. तिची दासी वैद्याला सांगते की, कधीकधी पाव-पाव तास हेच चालते. वैद्य पाहतो आणि हे आपल्या औषधाच्या पलीकडचे आहे असे सांगून मोकळा होतो. अंगावर काटा आणणारा प्रवेश आहे, यात शंका नाही.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या बाईचे हात पाहून आपल्याला पाप कळले का? नाही. खुनाची रात्र आपण आधीच्या अंकात पाहिलेली असते. नाटककार आधी पाप दाखवतो आणि मग हात दाखवतो, म्हणून ती खूण खरी ठरते. रोजच्या आयुष्यात आपल्याला फक्त हात दिसतात. पाप आपण आपल्या पदरचे घालतो.

माझे माहेर साताऱ्याचे आणि सासर सांगलीचे. दोन्ही गावे कृष्णामाईची. साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णा-वेण्णेचा संगम, इकडे हरिपूरला कृष्णा-वारणेचा. पर्वणीला दोन्हीकडे बायाबापड्या डुबकी मारून पाप धुऊन येतात. पण याच माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे पाण्यावर भागवणारे नव्हते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्याचा दोष राघोबादादांवर ठेवून, याला देहान्तावाचून प्रायश्चित्त नाही, असे शास्त्रीबुवांनी तोंडावर सांगितले आणि पुण्याचा निरोप घेतला, ही हकीकत आपण शाळेपासून ऐकत आलो. याच प्रसंगावर सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०९ मध्ये 'भाऊबंदकी' हे नाटक लिहिले. त्यातली आनंदीबाई वाचताना मॅकबेथची बायको आठवल्यावाचून राहत नाही.

मग खऱ्या राघोबादादांनी काय केले? हात चोळत बसले का? मुळीच नाही. गादीसाठी १७७५ मध्ये सुरतेस इंग्रजांशी तह केला, लढाया केल्या आणि १७८३ मध्ये कोपरगावी त्यांचा अंत झाला. ज्याच्यावर खरा ठपका होता तो आपला हक्क मागत हिंडला! पापी माणूस हात धुतोच, असा काही नियम नाही. आणि हात धुणारा पापी असतोच असे नाही, हे मला फार उशिरा कळले. ती गोष्ट सांगते.

साताऱ्यात आम्ही ज्या वाड्यात राहत होतो तिथे मागच्या दोन खोल्यांत एक काकू बिऱ्हाडाने राहत. चौकात सगळ्यांना मिळून एकच नळ, पाणी सकाळी दोन तास. काकू हात धुवायला बसल्या की उठत नसत. चुलीतली राख घ्यायच्या, चोळायच्या, धुवायच्या, पुन्हा राख. बोटांना भेगा पडून रक्त यायचे तरी थांबत नसत. मागे बादल्यांची रांग लागायची आणि बायका चडफडायच्या. त्यांचे तान्हे मूल वर्षापूर्वी गेले होते. मग एकीने सुरू केले, 'काय केलंय कुणास ठाऊक, हातांना लागलेलं जात नाही वाटतं!' पाण्याचे भांडण होते, त्याची खुनाची कथा झाली.

आणि याच वाड्यात मालकांच्या आजी सोवळ्यापायी दिवसातून तीनदा नहायच्या, कुणाचा पदर लागला तर चौथ्यांदा. त्यांना आम्ही वाकून नमस्कार करत असू. पाणी दोघींना सारखेच लागत होते. एकीचे देवभक्तीत जमा झाले, दुसरीचे पापात. एक मालकीण होती आणि दुसरी भाडेकरू, एवढाच फरक.

माझा वाटा यात किती, तेही सांगितले पाहिजे. मी दहा वर्षांची होते. एका दुपारी नळावर मुलींना जमवून मी काकूंची नक्कल केली. डोळे मोठे करून, हात चोळत, काहीतरी पुटपुटत. मुली पोट धरून हसल्या. मागे वळले तर काकू दारात उभ्या. त्या रागावल्या नाहीत. स्वतःचे हात पदराखाली घेतले आणि आत गेल्या. त्यानंतर त्या दिवसा नळावर येईनाशा झाल्या. रात्री आम्ही निजल्यावर साठवलेल्या पाण्याचा आवाज येई. पुढच्या वर्षी ते बिऱ्हाड गेले.

खरी हकीकत मला आईने माझ्या पहिल्या बाळंतपणात सांगितली. काकूंचे मूल जुलाबांनी गेले. तेव्हा डॉक्टर सहज म्हणाले होते, 'हात स्वच्छ ठेवत चला.' त्या माउलीने एवढेच धरून ठेवले, की माझ्या हातांनी बाळ गेले. गुन्हा काहीच नव्हता. गुन्हेगार असल्याची भावना मात्र होती. वाड्याने या दोन्हींत फरक केला नाही. तिच्या मनातला खोटा आरोप आम्ही सगळ्यांनी मिळून खरा करून दिला.

आपल्या भाषेत या व्याधीला जुना शब्द आहे, मंत्रचळ. आजचे डॉक्टर ओसीडी म्हणतात. शंभरात एक-दोघांना आयुष्यात कधीतरी ती गाठते. बायकांना तशी पुरुषांनाही. हात मळले, कडी लागली नाही, गॅस चालू राहिला, अशी शंका मनात घुसते. ती खोटी आहे हे बहुधा त्या माणसालाही कळत असते, पण धुतल्याशिवाय जीव थाऱ्यावर येत नाही. धुतले की घटकाभर बरे वाटते आणि त्या बरे वाटण्यानेच शंका अधिक बळावते. काहींच्या मनात आपल्यामुळे कुणाचे वाईट होईल ही धास्ती असते. म्हणजे ज्यांच्या हातून मुंगी मरत नाही, अशीच माणसे यात पुष्कळदा सापडतात.

शेक्सपिअरच्या त्या प्रवेशाचा मोह शास्त्रज्ञांनाही पडला. स्वतःचे दुष्कृत्य आठवायला लावले की माणसे हात पुसायच्या वस्तूकडे अधिक वळतात, असा प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि फार गाजला. पुढे इतरांनी तो करून पाहिला तेव्हा तसाच निकाल नेमाने मिळाला नाही. नाटकातली खूण प्रयोगशाळेतही पक्की ठरली नाही. मग नळावर कशी ठरेल?

त्या नाटकातल्या वैद्याने हात टेकले होते. आज तसे कारण नाही. यावर गोळ्या आहेत आणि शिस्तीने शिकवलेले उपचारही आहेत. ज्याची भीती वाटते त्याला हात लावायचा, न धुता थोडा वेळ काढायचा, उद्या आणखी थोडा. भीती आपोआप ओसरते हे मनाला हळूहळू पटते. घरच्यांनी रागावून उपयोग नाही, आणि दिवसातून पन्नास वेळा 'झाले हो स्वच्छ' अशी ग्वाही देऊनही नाही. मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. पहिले पाऊल कठीण वाटले तर सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक आहे. तिथे फुकट सल्ला मिळतो, आणि मराठीत बोलता येते.

मैत्रिणींनो, निर्दोष माणसाला आपण 'धुतल्या तांदळासारखा' म्हणतो, आणि एखाद्याचा पिच्छा पुरवला की 'हात धुऊन मागे लागलो' म्हणतो. त्या काकू धुतल्या तांदळासारख्या होत्या. हात धुऊन त्यांच्या मागे लागलो ते आम्ही.

नाटके जरूर पाहा, रहस्यकथा जरूर वाचा. तिथे हाताची खूण पटवून घेण्यात मौज आहे. पण आपल्या आळीत, आपल्या घरात, कदाचित आपल्या सुनेच्या किंवा सासूच्या बाबतीत नळ फार वेळ वाहताना ऐकू आला, तर 'हिने काय केले असेल' असे विचारू नका. 'हिला काय होत असेल' असे विचारा, आणि जवळ जाऊन बसा. त्या दुपारी दारात उभ्या असलेल्या काकूंजवळ माझ्या आईने जाऊन बसायला हवे होते, असे मला वाटे. आता वाटते, मीही जाऊ शकले असते. दहा वर्षांच्या मुलीला तेवढे कळते.