भिंतीला टेकलेली सायकल

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आजच्या बैठकीच्या पत्रिकेवर कर्ज आहे, वीजबिल आहे, सोयाबीन-कापसाचा भाव आहे. आणि त्यांच्या खाली माझा विषय आहे, सायकल. नाव वाचल्यावर काही जण गालात हसले ते मी पाहिले. हसा. चार वर्षांपूर्वी मीही हसलो असतो. मला वीस मिनिटे द्या, मग ठरवा.

आमच्या गावापासून हायस्कूल चार किलोमीटर. सकाळी एक एस.टी., संध्याकाळी एक, तीही आली तर. पायी जायचे म्हटले तर तास जातो, यायला तास. सायकलवर तेच अंतर वीस मिनिटांचे. माझ्या थोरल्या भावाच्या मुलीला नववीत असताना सरकारी योजनेतून सायकल मिळाली. गावातल्या आणखीही मुलींना मिळाल्या. मंडप पडला, भाषणे झाली, फोटो निघाले. दोन वर्षे पोरी झुंडीने शाळेला गेल्या. सकाळी घंट्या वाजवत गावाबाहेर पडायच्या तेव्हा म्हातारी माणसेसुद्धा ओट्यावर येऊन बघायची.

मग एका दसऱ्याच्या सुमारास भावाच्या पोरीच्या सायकलीचे मागचे चाक डगमगू लागले. तिने सांगितले. मी म्हणालो, बघू. भाऊ म्हणाला, काढणी उरकू दे. आठ दिवसांत एक्सल मोडला. सायकल ढकलत ती चार किलोमीटर चालत आली आणि माझ्या गोठ्याच्या भिंतीला सायकल टेकवून ठेवली. दुरुस्तीला तालुक्याला न्यायची तर चौदा किलोमीटर. कोणाची मोटारसायकल रिकामी नव्हती, कोणाचा दिवस रिकामा नव्हता. पोरगी काही दिवस पायी गेली. मग एक दिवसाआड गेली. मग सोयाबीनच्या गंजीवर हात लागतोय म्हणून घरी राहिली. दिवाळीनंतर वहिनी म्हणाली, एवढ्या लांब एकटीने चालत कशाला? तिथे शाळा संपली. पुढच्या उन्हाळ्यात लग्न झाले.

ती सायकल वर्षभर माझ्या भिंतीला होती. मी रोज तिच्यावर टॉवेल वाळत घालत होतो. एकदा सहज मागचे चाक खोलून पाहिले. हब चांगला, रिम चांगली, टायर अजून वर्षभर चालला असता. मोडला होता तो फक्त एक्सल. दुकानात विचारले, शंभराच्या नोटेत एक्सल आला, छर्रे आले, वर सुटे पैसेही आले.

मी आजवर सरकारला, व्यापाऱ्याला, पावसाला दोष देत आलो. बरेचदा तो खराही असतो. पण या एका गोष्टीत दोष द्यायला कोणी सापडेना. सायकल देणाऱ्याने दिली होती. चालवणारीने चालवली होती. मधले काम आमचे होते, आणि आम्ही म्हणालो होतो, बघू.

हा एका घरचा प्रश्न नाही. बिहारमध्ये २००६ साली नववीतल्या मुलींना सायकलीसाठी २००० रुपये देण्याची योजना आली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या दोन अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला. त्या वयाच्या मुलींची शाळेतली नावनोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली आणि मुलगे-मुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी कमी झाली, असे त्यांना आढळले. ज्या गावांपासून शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब होती तिथे फरक जास्त दिसला. म्हणजे बुद्धी होती, इच्छा होती, आड येत होते ते अंतर. आपल्याकडेही मानव विकास कार्यक्रमातून १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली दिल्या गेल्या. आता साधा हिशेब करा. सायकल आल्यावर पोरगी शाळेत जाते, तर सायकल मोडल्यावर काय होते?

आणि सायकल एकदम कधीच मोडत नाही. साध्या काळ्या सायकलीला पुढच्या चाकात ३२ आरे असतात, मागच्यात ४०. माणसाचे आणि कॅरिअरवरचे वजन मागे पडते, म्हणून मागे आठ जास्त. एक आरा तुटला तर चाक चालते. पण त्याचा भार शेजाऱ्यांवर जातो. मग त्यातला एक तुटतो. चाक आउट होते, ब्रेकला घासते, पोरगी ब्रेक सैल करून ठेवते. तिकडे एक्सलचे कोन सैल पडलेले असतात. छर्रे खडखडतात, कोनाला खळगे पडतात. पहिल्या दिवशी पाना फिरवायचे काम असते, महिन्याने शंभर रुपयांचे होते, वर्षाने सायकल भंगारात जाते. कर्जाचेही असेच असते हे तुम्हाला मी सांगायला नको.

त्यावर आम्ही काय केले ते सांगतो. ग्रामपंचायतीची एक जुनी खोली पडून होती, ती मागून घेतली. दर रविवारी सकाळी आठ ते बारा ती उघडी ठेवायची ठरवले. सामान काय? पान्यांचा एक संच, कोनाचे पातळ पाने, आरे आवळायची चावी, टायर काढायच्या पट्ट्या, हातपंप, हातोडी, ग्रीसचा डबा, पंक्चर बघायला पाण्याचे घमेले. सायकल टांगायला स्टँड नव्हता, म्हणून आढ्याला दोन दोर बांधले. सगळे मिळून एका फवारणीच्या खर्चात बसले.

आमच्या गावचा एक पोरगा पुण्याला शिकतो. त्याने माहिती काढली की अशा खोल्या जगात पुष्कळ ठिकाणी चालतात. अमेरिकेत १९८४ साली ‘बाइक्स नॉट बॉम्ब्ज’ नावाची संस्था निघाली. त्या वेळी अमेरिकेचे सरकार निकाराग्वातल्या बंडखोरांना शस्त्रे पुरवत होते. काही माणसांना ते पटेना. त्यांनी लोकांच्या टाकाऊ सायकली गोळा केल्या, दुरुस्त केल्या आणि निकाराग्वाला पाठवल्या. पुढे त्यांनी बोस्टन शहरातल्या मुलांसाठी नियम केला : दुरुस्ती शिका, एक सायकल स्वतः उभी करा आणि तीच घरी न्या. हा नियम आम्ही जसाच्या तसा उचलला. चांगले बियाणे कुठूनही आणावे.

आमचे नियम तीन. पहिला, सायकल ज्याची, हात त्याचे. आम्ही शेजारी बसून दाखवणार, पाना हातात घेणार नाही. दुसरा, सुट्या भागांचे पैसे द्यायचे, शिकवण्याचे नाहीत. तिसरा, गावातल्या मेलेल्या सायकली गोळा करायच्या. एकीची फ्रेम, दुसरीची चाके, तिसरीची चेन, अशा तिघींतून एक चालती करायची. जो ती जोडेल, त्याची ती.

पहिल्या रविवारी सहा जण आले. दुसऱ्या रविवारी गावातले सायकल मिस्त्री आले, आणि तेही तणतणत. चाळीस वर्षे बसस्टँडजवळ पंक्चर काढणारा माणूस. मोटारसायकली आल्यापासून धंदा निम्म्यावर आलेला, आठवड्यातले तीन दिवस दुसऱ्याच्या रानात मजुरीला जाणारा. दारात उभे राहून म्हणाले, “भाऊ, तुमच्या मालाला भाव नाही म्हणून तुम्ही रस्त्यावर बसता. आम्हीही येऊन बसतो तुमच्यासंगं. मग माझ्या हाताला फुकट करून टाकायला तुम्हाला लाज कशी नाही वाटली?”

मंडळी, मला उत्तर देता आले नाही. आपण सारा जन्म हेच म्हणत आलो की कष्टाला मोल पाहिजे. कोणी परदेशातून फुकटात धान्य आणून ओतले की आपला भाव पडतो, हे आपण शिकलेलो आहोत. आणि तेच आम्ही एका गरीब कारागिराला करायला निघालो होतो, वर त्याला समाजसेवा म्हणत होतो.

त्या दिवशी खोली बंद केली आणि सगळे त्यांच्या दुकानासमोर जाऊन बसलो. दुपारपर्यंत बोललो. ठरले ते असे. खोलीतली आम्ही मंडळी बिनपैशाची, पण मिस्त्री बिनपैशाचे नाहीत. रविवारी सकाळी ते शिकवायला येतील आणि अर्ध्या दिवसाची मजुरी खोलीच्या पेटीतून रोख घेतील. पेटी वर्गणीवर चालते. गावातल्या तीसएक घरांनी महिन्याला थोडे थोडे द्यायचे कबूल केले. सुटे भाग त्यांच्याकडूनच घ्यायचे. चाक नव्याने विणणे, चिमटा सरळ करणे, फ्रेम जोडणे ही कसबाची कामे खोलीत करायची नाहीत, ती दुकानात जातील आणि त्यांचे पुरे पैसे पडतील. आज परिस्थिती अशी आहे की भिंतीला लागलेल्या सायकली चालू झाल्या म्हणून दुकानात काम वाढले. धूळ खात पडलेल्या सायकलीला टायर लागत नाही, चालणारीलाच लागतो. हे मिस्त्री आता मलाच समजावून सांगतात.

दुसरी अडचण पोरींची. सायकली त्यांच्या, पण खोलीत पोरे भरायची आणि पोरी दारातून परत जायच्या. आया म्हणायच्या, पोरीच्या जातीने ग्रीसमध्ये हात कशाला घालायचे? मी विचारले, शेणात घालते, राखेत घालते, निंदणीला चिखलात घालते, ग्रीसनेच काय घोडे मारले? तेवढ्याने कोणी ऐकले नाही. मग मी तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्याची हकीकत सांगितली. १९९१ च्या सुमारास तिथे साक्षरतेची मोठी चळवळ झाली. शीला राणी चुंकत या तिथल्या कलेक्टर होत्या. अक्षराबरोबर बायकांनी सायकल शिकायची, असे ठरले. पी. साईनाथ यांनी तिथे जाऊन लिहिले आहे की लाखावर ग्रामीण बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा त्यांनी जेंट्स सायकली घेतल्या. आणि काहींना त्याच जास्त आवडल्या, कारण पुढच्या दांड्यावर लेकरू बसवता येते! बायकांनी एकमेकींना शिकवले, कोणाची वाट पाहिली नाही.

आमच्या आयांना ते लेकरू बसवायचे बरोबर पटले. आठ ते दहा ही वेळ फक्त मुलींची ठरली. पहिला धडा पंक्चरचा. आमचा रस्ता सराट्यांचा आणि वेड्या बाभळीचा, आठवड्याला एक पंक्चर ठरलेले. एका पोरीचे पंक्चर काढले की दुसऱ्या दिवशी पुन्हा हवा जायची. मिस्त्रींनी तिला टायर उलटा करून आतून बोट फिरवायला लावले. काटा टायरात तसाच होता. ट्यूबला ठिगळ लावत होते सगळे, काटा कोणी काढतच नव्हते. आता आठवीची पोरगीसुद्धा आधी टायर चाचपते, मग घमेल्याकडे वळते.

सगळे सुरळीत चालले असे सांगितले तर ते खोटे होईल. दोन पाने गेले, कोणी नेले कळले नाही. उत्साहाचे दहा कार्यकर्ते होते, ते वर्षात चार राहिले. आणि सगळ्यांत लाजेची गोष्ट म्हणजे दुसऱ्या वर्षी काढणीच्या दिवसांत आम्ही पाच रविवार खोली उघडलीच नाही. ज्या दिवसांत माझ्या पुतणीची शाळा सुटली, नेमके तेच दिवस. आम्ही पुन्हा म्हणालो होतो, काढणी उरकू दे. त्यानंतर दोन पोरी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, काका, किल्ली आमच्याकडे द्या. तेव्हापासून किल्ली दहावीतल्या दोघींकडे असते. त्या शाळा सोडून गेल्या की खालच्या वर्गातल्या दोघींकडे जाते. सुगीतही खोली उघडी असते. पाने गेले नाहीत, कारण भिंतीवर प्रत्येक पान्याचे चित्र काढून त्यावर खिळा ठोकलाय. जागा रिकामी दिसली की त्या कोणालाही उंबरा ओलांडू देत नाहीत, मलासुद्धा.

आता तुम्ही विचाराल, पुतणीचे काय झाले? तिची सायकल आम्ही चालू केली. आज तिची धाकटी बहीण ती घेऊन बारावीला जाते. थोरलीचे काही झाले नाही. तिला एक लेकरू आहे, सासरी सुखात आहे असे म्हणते. गेल्या दिवाळीला आली तेव्हा खोलीत येऊन बसली, पोरींचे काम बघत राहिली, आणि मला एवढेच म्हणाली, “काका, एवढंच होतं का ते?” मी मान खाली घातली. सायकलीचा मोडलेला एक्सल बदलता येतो. दोन वर्षे मागे जाऊन शाळा जोडता येत नाही.

म्हणून तुमच्याकडे एकच मागणे आहे. मोठा ठराव नको, निधी नको. घरी गेल्यावर आपल्या गावात भिंतीला टेकलेल्या सायकली मोजा. प्रत्येकीचे मागचे चाक उचलून फिरवा आणि हाताने डावी-उजवीकडे हलवून बघा. ढिले लागले तर समजा की अजून वेळ आहे. मग गावातल्या मिस्त्रींना आधी विचारा, त्यांची मजुरी ठरवा, आणि एक खोली शोधा. किल्ली मात्र पहिल्या दिवसापासून पोरींकडे द्या. आम्हाला हे कळायला दोन वर्षे लागली.

पुढच्या बैठकीला येताना आकडा घेऊन या. किती सायकली टेकलेल्या होत्या आणि त्यातल्या किती निघाल्या, एवढाच.