दोन ओळी, पण त्याच रात्री
(रेडिओवरील भाषण)



जानेवारी उजाडला की आपल्याकडे घरोघरी डायऱ्या येतात. पतसंस्थेची येते, खताच्या दुकानाची येते, विमा एजंटाची येते. पहिल्या पानावर नाव, गाव, रक्तगट, सगळं टापटीप. चार-सहा पानं भरतात. मग एका पानावर दुधाचा हिशेब, एकावर कुणाचा तरी मोबाइल नंबर, आणि संक्रांतीनंतर पोरांची चित्रं. आमच्या वरवे बुद्रुकात हे असंच चालतं, नसरापुरात चालतं, आणि तुमच्याकडे फार निराळं चालत असेल असं मला वाटत नाही. आज मला दहा मिनिटं मिळाली आहेत आणि त्यात सांगायचं एवढंच आहे: रोज रात्री झोपण्याआधी त्या दिवसाच्या दोन ओळी, वर तारीख घालून, लिहा. दोनच. पण त्याच रात्री.

डायरी म्हटलं की माणूस बिचकतो. काहीतरी थोर लिहायचं असतं, असं वाटतं. ना. ग. गोरे यांनी तुरुंगात डायरी लिहिली आणि तिचं 'कारागृहाच्या भिंती' हे पुस्तक झालं. झालं ते उत्तमच. आपल्याला पुस्तक काढायचं नाही. 'आज तरवा टाकला, इंद्रायणी.' झाली एक ओळ. 'आईंची साखर उपाशीपोटी १६०.' झाली दुसरी. वही मिटा आणि झोपा.

आता 'त्याच रात्री' हे मी का घोकते आहे? बायांनो, तुम्ही रोज रात्री विरजण लावता ना? मग तुम्हाला वेगळं सांगायला नको. दूध तापवलं, निवू दिलं, कोमट झालं की चमचाभर विरजण घातलं आणि झाकून ठेवलं. चमचाभरच लागतं. 'आज कंटाळा आला, उद्या सकाळी बघू' म्हणून दूध तसंच ओट्यावर ठेवलं तर सकाळी ते नासलेलं असतं. दिवसाचंही तसंच आहे. आठ दिवसांचं एकदम रविवारी लिहायला बसलात तर जे उतरतं ते झालेलं नसतं, झालं असेल असं वाटलेलं असतं.

पारावर बसणारे आमचे तात्या म्हणतात, "आमचं सगळं ध्यानात असतं." असतं का? साधी गाय घ्या. भरवल्यापासून साधारण २८० दिवसांनी ती विते, म्हैस ३१० दिवसांनी. विण्याआधी दोन महिने धार बंद करून आटवायची. हे तुम्हाला ठाऊक आहे, मी काही नवं सांगत नाही. पण २८० मोजायचे कुठून? "बेंदराच्या मागंपुढं भरवली असेल, नाहीतर नागपंचमीला." अहो तात्या, त्या दोन सणांच्या मध्ये तीन आठवडे जातात! तेवढे दिवस जादा धार काढलीत तर कासेला विसावा मिळत नाही, आणि पुढच्या वेताचं दूध कमी आलं की नशिबाला बोल लावायचा. एक तारीख लिहायची राहिली, एवढंच झालेलं असतं.

तीच गत पावसाची. पेपरात तालुक्याचा आकडा येतो. पण आपला मुलूख कसा आहे? तिकडे वेल्ह्याच्या अंगाला, घाटमाथ्यावर, दिवसच्या दिवस धार तुटत नाही, आणि त्याच दिवशी इकडे हायवेलगत बेताच्या सरी. तालुक्याचा आकडा सरकार ठेवतं. तुमच्या बांधावरचा पाऊस तुम्ही नाही लिहिलात तर कोण लिहिणार? मृगानं काय दिलं, लावणी आर्द्रात झाली की पुनर्वसूत, खोडकिडा पहिल्यांदा कधी दिसला. राहुरीच्या कृषी विद्यापीठाची कृषिदर्शनी पुष्कळ घरांत असते. पिकांची माहिती विद्यापीठानं दिली, तुमच्या वावराची माहिती तुम्ही द्यायची. पाच-सहा वर्षांच्या अशा ओळी एकाखाली एक ठेवून बघा. दरसाल आपण म्हणतो, "यंदा कधी नव्हे एवढा उशीर झाला." वहीत बघितलं की कळतं, परवाच्या साली याहून उशीर होता आणि तरी भात पिकलं होतं. जीव जरा खाली पडतो.

आता आपल्याच भोर तालुक्यातलं एक मोठं उदाहरण देते. कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरात एक शकावली होती. रोजची डायरी नव्हे ती, शकावलीच. पण तिथीनिशी टिपून ठेवण्याची जात तीच. शके १५४० ते १६१९, म्हणजे इसवी सन १६१८ ते १६९७ या काळातल्या घडामोडी, सालाखाली थोडक्यात मांडलेल्या. भाषा अगदी कोरडी. कौतुक नाही, अलंकार नाही. साल, तिथी, काय झालं. आणि तिच्यात शिवाजी महाराजांच्या जन्माची तिथी आहे: शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. कारीच्या दयाजीराव सर्जेराव देशमुखांकडून ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि टिळकांनी ती १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. तोवर मागाहून लिहिलेल्या बखरींवरून शके १५४९ चा वैशाख धरून चालत होते. म्हणजे जवळजवळ तीन वर्षांचा फरक! पुढे परमानंदांच्या शिवभारतातही फाल्गुनातलीच तिथी मिळाली. आज १९ फेब्रुवारीला आपण जयंती करतो, त्यात कारीच्या त्या कागदांचा वाटा आहे. बखरीत गोष्ट रंगते, मी नाही म्हणत नाही. पण वाद पडला की कोरडी ओळ कामाला येते. म्हणून म्हणते, तारीख घाला. तारखेशिवाय लिहिलंत तर ती तुमच्या घरची बखर होईल.

आता मनाचं. अमेरिकेत जेम्स पेनबेकर नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी आणि सँड्रा बील यांनी १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजातल्या मुलामुलींना चार दिवस, रोज १५ मिनिटं लिहायला बसवलं. काहींना साधे विषय दिले, काहींना मनाला लागलेली गोष्ट लिहायला सांगितली. ज्यांनी काय घडलं आणि आपल्याला काय वाटलं हे दोन्ही लिहिलं, त्यांच्या दवाखान्याच्या खेपा पुढच्या काही महिन्यांत इतरांपेक्षा कमी झाल्या. लिहून उठल्यावर मात्र ती उदास दिसत होती, हेही त्यांनी नोंदवलं आहे. लिहिलं आणि लगेच मोकळं वाटलं, असं दरवेळी होत नाही. त्याला रात्र जावी लागते.

इथं पुन्हा विरजणच. उकळत्या दुधात विरजण घालाल तर दही लागायचं नाही. जावेशी वाजलं, आणि पदर खोचूनच वही उघडली, तर कागदावर शिव्याच उतरतील. जेवणं होऊ द्या, भांडी होऊ द्या, दूध कोमट होऊ द्या. पार गार मात्र करू नका, गार दुधातही दही नीट लागत नाही. आणि लावलेलं भांडं दर तासाला उघडून हलवून बघू नये. लिहिलं की मिटा, तीच पानं पुन्हापुन्हा चाळत रडत बसू नका. अशी वर्षं साचली की त्यातून लोणी निघतं, कढवलं तर तूपही. पण ते पुढचं. आज चमचाभर विरजण.

एक बजावून सांगते. वही हे औषध नव्हे. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर आधी माणसाशी बोला, डॉक्टरांकडे जा. वही बरोबर न्या, तिथं ती फार उपयोगी पडते. "कधीपासून होतंय?" असं डॉक्टर विचारतात आणि आपण छताकडे बघतो. बीपीचे आकडे, गोळी कधी बदलली, ताप कुठल्या रात्री चढला, हे तारखेनिशी पुढे ठेवलं तर त्यांचंही काम सोपं होतं.

आणि घरातल्या बाकीच्यांना सांगते, दुसऱ्याची वही वाचायची नाही. सासूबाई, सून काय लिहिते ते बघायला जाऊ नका. सूनबाई, तुम्हीही नाही. पोरगी शाळेच्या वहीत मागच्या पानावर काही लिहीत असेल तर "बघू काय ते" म्हणून हिसकावून घेऊ नका. एकदा हिसकावलीत की ती आयुष्यात पुन्हा लिहायची नाही. पुरुष मंडळींचं तर मला फारच सांगायचं होतं. उचल कुणाला किती दिली, मोटर कधी जळली, एवढंच लिहितात, आणि स्वतःचं एक अक्षर नाही. त्यांच्या मनात काय आहे ते…

काचेपलीकडून खूण झाली, दोनच मिनिटं उरली म्हणे. मग ते राहू द्या. शेतांच्या नावांचं तेवढं सांगते. हायवे आला, गुंठ्यांचे प्लॉट पडले. सातबाऱ्यावर गट नंबर राहतो, पण या तुकड्याला आंब्याचं शेत म्हणायचे, त्या खालच्याला बावखोल, तिथं विहिरीला पाणी कितव्या हातावर लागलं, हे कुठल्याच दप्तरात नाही. म्हातारी माणसं आहेत तोवर विचारा, आणि ज्या दिवशी विचाराल त्याच रात्री, हो, त्याच रात्री, लिहून ठेवा. याच्यावर खरं तर एक वेगळं भाषण…

असो. वही कुठलीही चालेल. पतसंस्थेची पडलेली असेल, तीच घ्या, छापलेली तारीख खोडून आजची घाला. आणि पेन वहीला दोऱ्यानं बांधून ठेवा. पेन सापडलं नाही, ही सबब मी ऐकून घेणार नाही.