मागणीनुसार दूरचित्रवाणी आणि घरगुती इंटरनेटची डेटा मर्यादा

(अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



सार्वजनिक वस्तूंची उदाहरणे देताना पाठ्यपुस्तके संरक्षण आणि दीपस्तंभ यांच्याबरोबर दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणाचाही उल्लेख करतात. उपग्रहावरून येणारा कार्यक्रम एका घराने पाहिला म्हणून शेजारच्या घराच्या वाट्याला तो कमी येत नाही. नव्या प्रेक्षकाचा सीमांत खर्च जवळजवळ शून्य असतो. मागणीनुसार मिळणाऱ्या दूरचित्रवाणीने ही स्थिती बदलली. येथे प्रत्येक प्रेक्षक आपल्या सोयीच्या वेळी आपल्या पसंतीचा कार्यक्रम मागवतो. त्यामुळे शंभर घरांकडे शंभर स्वतंत्र प्रवाह जातात आणि त्या सर्वांना मर्यादित क्षमतेच्या एकाच जाळ्यातून वाट काढावी लागते. घरगुती इंटरनेटवरील डेटा मर्यादेचा प्रश्न येथूनच निर्माण होतो. ही मर्यादा नेमकी कशाची किंमत आहे, याचा आज आपण विचार करू.

आकडे काय सांगतात?

नेटफ्लिक्सने आपल्या ग्राहकांना दिलेल्या माहितीनुसार साधारण दर्जाच्या चित्रासाठी तासाला सुमारे १ जीबी, एचडी चित्रासाठी ३ जीबीपर्यंत आणि फोर-के चित्रासाठी ७ जीबीपर्यंत डेटा लागतो. महिन्याला १०० जीबीची मर्यादा असलेल्या कुटुंबाला यानुसार एचडी चित्र फक्त ३३ तास, म्हणजे दररोज तासाभरापेक्षा थोडे अधिक पाहता येते. फोर-के दर्जा निवडल्यास हीच मर्यादा १४ तासांत संपते.

मर्यादा संपल्यावर काय होते, हेही पाहू. 'वाजवी वापर धोरणा'नुसार जोडणी तोडली जात नाही, तिचा वेग कमी केला जातो. हा कमी केलेला वेग किमान ५१२ केबीपीएस असावा, असा निर्देश भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच ट्रायने, २०१६ मध्ये दिला. परंतु तासाला १ जीबी या हिशोबाने साधारण दर्जाच्या चित्रालाही सरासरी २ एमबीपीएसहून अधिक वेग लागतो. म्हणजे मर्यादा ओलांडल्यावर पत्रव्यवहार आणि वाचन चालू राहते, मोठ्या पडद्यावरील चित्र मात्र अडखळते. २०२३ मध्ये ब्रॉडबँडची किमान व्याख्याच २ एमबीपीएस करण्यात आली, ही बाबही लक्षात घ्यावी.

२०२० नंतर भारतातील मोठ्या कंपन्यांनी तारजोडणीच्या 'अमर्यादित' योजना आणल्या. त्यांतही सुमारे ३,३०० जीबीची मासिक मर्यादा होती. एक पडदा महिनाभर अहोरात्र एचडी दर्जावर चालू ठेवला तरी २,१६० जीबी लागतात. त्यामुळे सामान्य कुटुंबासाठी ही मर्यादा नाममात्र ठरली. मात्र चार पडद्यांवर रोज चार तास फोर-के चित्र पाहिल्यास हिशोब ३,३६० जीबीपर्यंत जातो.

मर्यादा कशाची किंमत?

मर्यादेचे पहिले समर्थन गर्दीच्या खर्चाचे आहे. जाळ्याची उभारणी रात्रीच्या जेवणानंतरच्या कमाल मागणीनुसार करावी लागते. त्या वेळी आणखी एका प्रवाहाचा सीमांत खर्च खरा असतो. पहाटे तो जवळपास शून्य असतो. मासिक मर्यादा मात्र पहाटेचा आणि रात्री नऊचा जीबी एकाच मापाने मोजते. या कसोटीवर बीएसएनएलच्या जुन्या काही योजनांमधील तरतूद अधिक शास्त्रशुद्ध होती. रात्री २ ते सकाळी ८ या वेळेतील वापर त्यांत मोजला जात नसे. याशिवाय लोकप्रिय कार्यक्रमांच्या प्रती सेवापुरवठादाराच्या जाळ्यातील सर्व्हरवर साठवल्या की दूरच्या वहनाचा खर्च घटतो. त्या प्रमाणात पहिल्या समर्थनाचे बळही कमी होते.

दुसरे समर्थन समन्यायाचे आहे. कमी वापर करणाऱ्याने अधिक वापर करणाऱ्याचा भार का उचलावा? हा प्रश्न रास्त आहे. मात्र वेगवेगळ्या वेगांच्या योजनांमधूनही तो काही अंशी सुटतो.

तिसरे कारण उघडपणे सांगितले जात नाही. ते म्हणजे स्वतःच्या व्यवसायाचे संरक्षण. अमेरिकेतील कॉमकास्ट ही कंपनी केबल दूरचित्रवाणी आणि इंटरनेट या दोन्ही सेवा पुरवते. २००८ मध्ये तिने घरगुती ग्राहकांवर महिना २५० जीबीची मर्यादा घातली. २०१२ मध्ये तिची स्वतःची मागणीनुसार सेवा एक्सबॉक्स या खेळयंत्रावर पाहिल्यास तो वापर मर्यादेत धरला जात नव्हता. नेटफ्लिक्सचा मात्र धरला जात होता. आपली सेवा खासगी जाळ्यावरून जाते, असा कंपनीचा युक्तिवाद होता. नेटफ्लिक्सचे प्रमुख रीड हेस्टिंग्ज यांनी यावर जाहीर आक्षेप घेतला. त्याच वर्षी मे महिन्यात कंपनीने २५० जीबीच्या मर्यादेची अंमलबजावणी स्थगित केली. पुढे मर्यादा वेगळ्या स्वरूपात परत आली.

भारताने या प्रश्नावर ८ फेब्रुवारी २०१६ च्या ट्रायच्या विनियमांद्वारे भूमिका घेतली. आशयानुसार डेटाचे वेगवेगळे दर आकारण्यास त्यांनी मनाई केली. बंदिस्त जाळ्यावरील सेवांना सूट आहे, परंतु मनाई चुकवण्यासाठी ती वापरता येत नाही. कॉमकास्टचा युक्तिवाद आठवल्यास या अटीचे महत्त्व ध्यानात येईल.

आपल्यापुढील प्रश्न

भारतात तारजोडणीच्या ब्रॉडबँड ग्राहकांचे प्रमाण एकूण ब्रॉडबँड ग्राहकांच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी आहे. बहुसंख्य कुटुंबांसाठी मोबाइल हीच घरातील जोडणी असून तेथे मर्यादा मासिक नसून बहुधा दैनिक असते. दिवसाला २ जीबी म्हणजे एचडी चित्राची अवघी ४० मिनिटे. एकाच फोनवर भावाचा क्रिकेट सामना आणि बहिणीचे परीक्षेचे व्याख्यान यांत निवड करावी लागते, तेव्हा मर्यादेचा खरा भार कोणावर पडतो हे वेगळे सांगावयास नको.

म्हणूनच प्रक्षेपणाचे महत्त्व संपलेले नाही. २०१७ मध्ये सुरू झालेल्या स्वयंप्रभा वाहिन्या उपग्रहाद्वारे शैक्षणिक कार्यक्रम देतात. ते पाहण्यास एक एमबीही डेटा लागत नाही. जो आशय असंख्य विद्यार्थ्यांना एकसारखा हवा आहे तो प्रक्षेपणाने द्यावा आणि ज्यात निवडीला महत्त्व आहे तो मागणीनुसार द्यावा, ही विभागणी आर्थिकदृष्ट्या कार्यक्षम आहे आणि न्याय्यही आहे. त्याच्या जोडीला भारतनेटचे प्रकाशीय तंतूंचे जाळे ग्रामपंचायतीपासून प्रत्यक्ष घरापर्यंत पोहोचणे आवश्यक आहे.

मित्रहो, डेटा मर्यादेवर प्रश्न आला तर ती योग्य की अयोग्य एवढेच लिहून थांबू नका. ती गर्दीच्या वेळेशी जोडलेली आहे का, सर्वांच्या आशयाला सारखी लागू आहे का आणि ती संपल्यावर ग्राहकाच्या हाती काय उरते, या तीन कसोट्यांवर ती तपासा. टंचाई खरी असेल तेथे मर्यादेला अर्थ आहे. जाळ्याची क्षमता वाढल्यानंतरही ती तशीच राहिली, तर टंचाई कृत्रिम आहे असे समजावे आणि तेथे नियामकाने लक्ष घालावे.