मेलेलं माकड कुणाचं?



अध्यक्षांनी ओळख करून देताना मला नुसतं ‘डॉक्टर’ म्हटलं. मी गुरांचा डॉक्टर आहे, हे आधीच सांगून टाकतो; नाहीतर व्याख्यानानंतर कुणीतरी रक्तदाबाच्या गोळीचं विचारायला येतं.

विषय माकडतापाचा. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरू लागली आणि आसपासची माणसं तापाने फणफणली. पिवळा ताप देशात शिरला की काय, अशी धास्ती होती. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने विषाणू शोधला, तो निराळाच निघाला, गोचिडीतून पसरणारा. शंभर रुग्णांत तीन ते पाच दगावतात. बरीच वर्षं तो कर्नाटकातच राहिला. २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये आपल्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात त्याने माणसं आजारी पाडली.

गोचिडीचा संसार बघा. मादी रानात चरणाऱ्या गुरांचं रक्त पिऊन टम्म फुगते, गळून पडते, पाचोळ्यात अंडी घालते. डिसेंबर ते मे, म्हणजे ऐन काजूच्या हंगामात, तिळाएवढी पिल्लं माणसाला चावतात. माकड मेलं की त्याचं अंग थंड पडतं आणि त्याच्यावरच्या गोचिडी उतरून दुसरं ऊबदार अंग शोधतात.

म्हणून मेलेलं माकड ही पहिली खबर. पण ते कुणाचं? वन्यप्राणी म्हणून वनखात्याचं. शवविच्छेदनाला मी, पशुसंवर्धनचा. नमुना पुण्याला. ताप आलेला माणूस आरोग्य खात्याचा. बंडीपूरच्या व्याघ्र प्रकल्पात २०१२ मध्ये मेलेली माकडं हाताळणाऱ्या कामगारांनाच हा ताप आला होता, म्हणजे वनखात्याचाच माणूस आरोग्य खात्याचा रुग्ण!

खरी गोम मात्र गाईत आहे. आमच्याकडे गाय आजारी पडली की कागद हलतो. या रोगात गाय आजारीच पडत नाही. दूध आटत नाही, ती गाभडत नाही. मग रानात जाणाऱ्या गुरांच्या गोचिडी मारायला पैसे कुठलं कारण दाखवून मागायचे? खर्च आमच्या वहीत आणि वाचलेला माणूस आरोग्य खात्याच्या वहीत. समन्वय समितीच्या बैठकांना मी पुष्कळ बसलोय, चहा उत्तम असतो. पण दोन्ही खात्यांना मिळून एक लेखाशीर्ष मिळत नाही, तोवर त्या चहापलीकडे काही होईल असं मला वाटत नाही. नागपुरात ‘वन हेल्थ’च्या, म्हणजे माणूस, जनावर आणि परिसर यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी २०२२ च्या डिसेंबरात झाली, आनंद आहे. दोडामार्गच्या बागायतदाराला मात्र आधी एक फोन नंबर हवा, आणि पलीकडून ‘हे आमच्याकडे येत नाही’ असं ऐकू यायला नको.

तोवर एवढं कराच. मेलेल्या माकडाला हात लावू नका, लगेच कळवा, त्या भागात गुरं सोडू नका, काजू वेचायला कुणाला धाडू नका.

हे मी मागे एका गावात सांगत होतो, तेव्हा मागच्या रांगेतल्या बाईंनी विचारलं, “डॉक्टरांनू, मगे त्या झाडाखालच्या काजींचे पैशे कोण देतलो?”

तिन्ही खात्यांच्या एकाही वहीत त्याला रकाना नाही.