तोरणाचे पैसे
(महिला मंडळाच्या हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिलाय ‘छंदातून उद्योग’. सेक्रेटरी म्हणाले, वीस मिनिटं बोला, आणि जरा प्रेरणादायी बोला. प्रेरणेचं मला फारसं जमत नाही. हिशेबाचं बोलते.

आपल्या डोंबिवलीत हात चांगला असलेल्या बायकांची कमी नाही. चैत्रगौरीची आरास, रुखवत, डोहाळजेवणाची सजावट, बारशाचा पाळणा, गणपतीचं मखर... प्रत्येक विंगमध्ये दोघी-तिघी तरी अशा आहेत की ज्यांना सगळे हाक मारतात. “तुझ्या हाताला किती छान जमतं गं!” हे वाक्य मीही पंधरा वर्षं ऐकलं. ते ऐकायला गोड लागतं, पण त्यात भाव ठरलेला नसतो. छंद आणि धंदा यांच्यामध्ये जी भिंत आहे ती भांडवलाची नाही, कलेची तर नाहीच. ओळखीच्या माणसाला किंमत सांगायची, तीही मान वर करून, ही ती भिंत आहे.

अशा भाषणात लिज्जतचं उदाहरण द्यायची पद्धत आहे. १९५९ साल, गिरगाव, सात बायका, उसने घेतलेले ८० रुपये. उदाहरण मोठंच आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या, त्या बायका पहिल्या दिवसापासून पापड विकायलाच लाटत होत्या. “हौस म्हणून करते हो” असं त्या कोणाला म्हणाल्या नाहीत. आपलं अवघड तिथेच असतं. आपण आधी दहा वर्षं फुकट देतो, आणि मग अकराव्या वर्षी पैसे मागायचे म्हणजे तोंडातून शब्द फुटत नाही.

माझ्याकडे पहिलं मागणं आलं ते आपल्याच बिल्डिंगमधून. कारण अगदी साधं होतं. बाजारात मिळणारी तयार तोरणं बहुतेक ३६ इंचांची, आणि आपली मुख्य दारं ४२ इंचांची. तोरण लावलं की दोन्ही बाजूंना तीन-तीन इंच मोकळे. ते दिसायला इतकं वाईट दिसतं की एकदा नजरेत आलं की रोज खुपतं. मी घरच्यासाठी ४२ इंची केलं, समोरच्या वहिनींनी पाहिलं, त्यांना हवं झालं. मग चौथ्या मजल्यावर, मग बी विंगमध्ये.

आता हिशेब बघा. कापड, बकरम, मोती, लेस, गोंडे मिळून समजा १७० रुपये. करायला लागतात तीन तास. माझ्या तासाचे मी ८० रुपये धरले, म्हणजे २४०. पिशवी, गाडीभाडं, लाईट, बिघडलेला एखादा नग यांचे ४०. झाले ४५०. त्यावर २० टक्के, म्हणजे ९०. किंमत ५४०. हा आकडा सांगितल्यावर माझ्या सासरच्या एक आत्याबाई म्हणाल्या, “अगं, आपल्यातल्या आपल्यात पैसे? सामानाचे घे हवे तर.” मी म्हटलं, “आत्या, तुमच्यासाठी ते नव्वद सोडते. पण तीन तासांचे घेणार.” त्या दोन महिने बोलल्या नाहीत. नंतर त्यांनीच तीन ओळखीच्या पाठवल्या, आणि त्यांना भाव आधीच सांगून पाठवलं.

सगळ्या जणी सामानाचा हिशेब बरोबर लावतात. वेळेचा कोणी लावत नाही. म्हणून एक वही करा. सुरू केलं किती वाजता, उठलं किती वाजता, लिहा. कुकर लावायला उठलात तर तेवढा वेळ वजा करा, इथेही प्रामाणिकपणा हवा. महिनाभर लिहिलंत की कुठलं काम पोटाला घालतं आणि कुठलं नुसतं कौतुक मिळवून देतं ते आपोआप दिसतं. बारीक मोत्यांची रांगोळी सगळ्यांना आवडते, पण वहीनं मला सांगितलं की ती बंद कर.

तुम्ही म्हणाल, बाजारात तोरण अडीचशेला मिळतं, तुझं ५४० ला कोण घेईल? बरोबर आहे, ३६ इंची कोणी घेणार नाही. मीही करत नाही. यंत्रावर ढिगानं निघणाऱ्या मालाशी भावात भांडायचं नसतं. बाजार जे देऊ शकत नाही तेवढंच आपण विकायचं. दाराचं माप, देव्हाऱ्याचं माप, साडीच्या जुन्या काठाचं तोरण. आजीच्या पैठणीचा काठ घेऊन लोक येतात, तेव्हा भावाची घासाघीस करत नाहीत.

मखरांचंही तसंच. २३ मार्च २०१८ ला राज्य सरकारची प्लॅस्टिक-थर्माकोल बंदीची अधिसूचना निघाली, आणि सजावटीचं थर्माकोल त्यात आलं. ज्यांचे गाळे मालानं भरले होते त्यांची त्या वर्षी फार ओढाताण झाली, ती मी जवळून पाहिली आहे; त्यावर खूश व्हावं असं काही नव्हतं. पण कापड आणि पुठ्ठ्याच्या मखरांना विचारणा सुरू झाली ती तेव्हापासून. मखर सुंदर करणारे पुष्कळ आहेत. गिऱ्हाईक घरी आल्यावर बघतं ते वेगळंच. एक, ते आपल्या लिफ्टमध्ये मावेल का? दोन, अनंत चतुर्दशीनंतर ते माळ्यावर जाईल का? वन बीएचकेमध्ये चार फुटांचं मखर वर्षभर ठेवायचं कुठे? मी खांब कापडाचे केले, आत पुठ्ठ्याची नळी, आणि मागचा पडदा गुंडाळता येणारा. सगळं मिळून एका साडीच्या खोक्यात बसतं. नक्षीपेक्षा त्या घडीमुळे माझी मखरं जास्त विकली गेली, हे कलाकार म्हणून थोडं लागतं, पण खरं आहे.

सामान मी मुंबईहून आणते. सकाळची गर्दी ओसरल्यावरची गाडी, मस्जिदला उतरून अब्दुल रेहमान स्ट्रीट, कापडाला मंगलदास मार्केट, लेस-मोत्यांना भुलेश्वर. सणाच्या तोंडावर जाऊ नका, भाव चढलेले असतात आणि रंग मिळत नाहीत. गणपतीचं सामान मी ज्येष्ठात भरते. म्हणजे पैसे ज्येष्ठात जातात आणि भाद्रपदात परत येतात. हे मधले तीन महिने ज्याला काढता येतात त्यालाच हा धंदा. दिवाळीनंतर पुन्हा कोरडं. तेव्हा लग्नाची रुखवतं आणि बारशी यांच्यावर चालतं.

उधारीचं एक सांगते. एका वर्षी एका कंपनीची २०० आकाशकंदिलांची ऑर्डर आली. निम्मे पैसे आगाऊ घेतले, माल वेळेवर दिला, आणि उरलेले निम्मे काही येईनात. फोन केला की साहेब मीटिंगमध्ये. इथे एक कागद कामाला आला, तो म्हणजे उद्यम नोंदणी. ही २०२० च्या जुलैपासून सुरू आहे, आधारवर होते, आणि सरकारी संकेतस्थळावर तिला एक पैसा लागत नाही. करून देतो म्हणून हजार रुपये मागणारे भेटतील, त्यांना नमस्कार करा. नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, असा २००६ चा कायदा आहे. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, तेही चक्रवाढीनं व्याज, आणि तक्रारीसाठी फॅसिलिटेशन कौन्सिल. एवढं एका पानावर नीट मराठीत लिहून पाठवलं. आठव्या दिवशी पैसे जमा.

ते पैसे नुसते माझे नव्हते. त्या कंदिलांच्या झिरमिळ्या आपल्या सोसायटीतल्या पाच जणींनी केल्या होत्या. एक बाई तासाला वीस कंदिलांच्या झिरमिळ्या करते. तिच्याही तासाचे ८०, म्हणून कंदिलामागे ४ रुपये. माझ्या तासाला जो भाव तोच तिच्या तासाला, नफा काय तो वरच्या वीस टक्क्यांत. कंपनीकडून आले नाहीत म्हणून त्यांचे थांबवायचे नाहीत, हे मी आधीच ठरवलं होतं. आगाऊ रकमेतून पहिल्यांदा त्यांचे दिले. त्यांतल्या तळमजल्यावरच्या काकूंनी त्या पैशांतून काय घेतलं माहितीये? स्वतःचा चष्मा. मुलगा दोन वर्षं “करू, करू” म्हणत होता. काकू इथे बसल्यात, त्यांच्या परवानगीनं सांगते आहे.

आता घरचंच. मागच्या वर्षी कमिटीनं मला बोलावलं. पॅसेजमध्ये खोकी, घरात ग्लू गन, भोवती कागद आणि कापड. सदनिका राहण्यासाठी आहे, हे त्यांचं म्हणणं रास्त होतं. काही शेजाऱ्यांना रात्री बाराला शिलाई मशीन ऐकू यायचं, तेही रास्त. घरच्या घरी चार तोरणं करणं वेगळं आणि दोनशे कंदील वेगळे. स्टेशनजवळ लहान गाळा भाड्यानं घेतला. भाडं वाढलं म्हणून किंमतही थोडी वाढवली, आणि या वेळी सांगताना मान खाली गेली नाही.

आषाढी झाली की कंदिलांचं काम सुरू होतं. गाळ्यावर दुपारी दोन ते पाच. ज्यांना यायचंय त्यांनी महिला मंडळाच्या वहीत नाव घाला. कात्री मी देईन, चष्मा आपापला आणा.