मावशी, मी नक्की कोण?

दिवाळीनंतर डिझाईन कॉलेजच्या तीन मुली पंधरा दिवस आमच्या गटाकडे राहिल्या. कारागिरांजवळ राहून कामाची नोंद करायची, हा त्यांच्या अभ्यासाचाच भाग. आम्ही गोधड्या शिवतो.

खरं सांगायचं तर आम्ही नाराजच होतो. आधी एक मुलगी येऊन फोटो काढून गेली आणि आमची नक्षी पिशव्यांवर आली, नाव फक्त तिचं. म्हणून या पोरींना पहिल्याच दिवशी विचारलं, "शिकून तुम्ही होणार कोण?" एक म्हणाली, "डिझायनर." म्हणजे काय करणार? तिला सांगता येईना. डोळे भरून आले. "घरीपण हेच विचारतात, मावशी."

मग राग कुठला टिकतोय? पण अट घातली. रोज रात्री वहीत लिहायचं, आज आपला कुठला समज मोडला, आणि ते आम्हाला वाचून दाखवायचं. आधी लाजल्या. मग एकीनं वाचलं, "दाट टाके म्हणजे नक्षी वाटली होती. लुगडं विरलेलं असतं तिथं ते दाट घालतात." दुसरीनं मोठ्या हौसेनं सात पदरी गोधडी आखली. आम्ही शिवून दिली आणि म्हटलं, आता धू. ओली झाल्यावर तिघींना मिळून उचलेना! हसून हसून पुरेवाट. त्या रात्री वहीत एकच ओळ होती, "धुणारीला मी विचारलंच नव्हतं."

त्यांनीही आम्हाला एक गोष्ट सांगितली. 1958 साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन जोडप्यानं आपल्या सरकारला एक अहवाल दिला. त्यातून पुढे 1961 साली अहमदाबादला राष्ट्रीय डिझाईन संस्था उभी राहिली. त्या अहवालात आपल्या साध्या लोट्याचं कौतुक आहे. हातात कसा बसतो, कमरेवर कसा तोलतो, मोडीत काय येईल, सगळा विचार त्यात आहे. आणि तो कुणा एकाला सुचलेला नाही, पिढ्यांनी घडवलाय.

आमच्या थोरल्या काकूंनी लगेच विचारलं, "मग तुझं नाव कुठं लागणार गं?"

पोरी गप्प झाल्या. दोन दिवस वहीत तेच चाललं होतं. जाताना त्यांनी नोंदवहीवर लिहिलं: गोधड्या, गटातल्या बायांच्या, पुढे आमची अकरा नावं. खाली बारीक अक्षरात, विचारून नोंद करणाऱ्या, म्हणून त्यांची तीन. अक्षर एवढं बारीक नको, असं आम्हीच म्हटलं.

ती सात पदरी गोधडी आमच्याकडेच आहे. पुढच्या मुली आल्या की आधी तीच धुवायला देणार आहोत.